भाकीत यंत्राचें, बेडी माणसाला

भविष्य जाणण्याची मनुष्याची हांव पुरातन आहे. आणि त्या हांवेची किंमत बहुधा दुसऱ्याच कोणाला तरी द्यावी लागते, हेंहि तितकेंच पुरातन आहे. मंगळाची पत्रिका निघालेल्या मुलीचें पुढें काय व्हावयाचें तें होवो. पण तिला मिळणारे नकार, आईबापांची उडालेली झोंप आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची कुजबूज हीं भाकीत खरें ठरण्याची वाट पाहत बसत नाहींत. ज्योतिषाला नांवें ठेवून आपण सुशिक्षित म्हणवूं लागलों त्याला आतां पुष्कळ काळ लोटला. परंतु जें आपण घराबाहेर घालवून दिलें तेंच शास्त्राचा झगा पांघरून पुनः उंबरठ्यावर आलें, तर त्याला ओळखण्याइतकी दृष्टि आपल्यापाशीं उरली आहे काय, असा प्रश्न आज विचारणें भाग पडत आहे.

निमित्त असें : गेल्या कांहीं वर्षांत पाश्चात्य देशांतील मनोरुग्णालयांत एका नव्या उद्योगाचे प्रयोग चालू आहेत. वॉर्डांत दाखल झालेल्या रुग्णांपैकीं येत्या दिवसांत कोण मारहाण करील, हें कॉम्प्युटरनें आधींच सांगावें, असा हा उद्योग आहे. त्याची रीति समजण्यास कठीण नाहीं. पूर्वीं येऊन गेलेल्या हजारों रुग्णांचे केसपेपर यंत्राला पुरवावयाचे. त्यांतील कोणीं हात उगारला व कोणीं नाहीं हेंहि त्याला सांगावयाचें. आणि कोणत्या शब्दांच्या व कोणत्या खुणांच्या मागोमाग मारामारी येते याचा हिशेब त्यालाच करावयास लावावयाचा. यालाच मशीन लर्निंग, म्हणजे यंत्राचें शिक्षण, असें म्हणतात. शिकून तयार झालेल्या यंत्रापुढें नव्या रुग्णाचा केसपेपर ठेवला कीं तें एक आंकडा सांगतें, आणि त्या आंकड्यावरून हा मनुष्य धोक्याचा कीं बिनधोक्याचा हें ठरवावें असा बेत आहे.

प्रतिपक्षाची बाजू प्रथम पुरतेपणीं मांडणें हा वादाचा धर्म आहे, आणि ही बाजू पोकळ नाहीं. मनोरुग्णालयांतील परिचारिका व सेवक रोज ज्या धोक्यांत वावरतात त्याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संकलनांत सधन देशांतील ३५ अभ्यास व त्यांतील सुमारें २४,००० रुग्ण एकत्र मोजले गेले. तीव्र आजाराच्या वॉर्डांतील शेंकडा १७ रुग्णांच्या हातून निदान एकदां तरी हिंसेची कृति घडली, असें त्यांत आढळलें. जिचा हात मोडला त्या परिचारिकेपुढें रुग्णाच्या हक्कांवर प्रवचन झोडणें सोपें आहे. रात्रपाळीला तिच्या जागीं उभें राहणें सोपें नाहीं. आणि मार खाणाऱ्यांत दुसरे रुग्णहि असतात, हें विसरून चालणार नाहीं.

शिवाय आजवर हीं भाकितें जे करीत आले, त्या डॉक्टरांची कीर्ति या बाबतींत फारशी उज्ज्वल नाहीं. तज्ज्ञाच्या अंतर्ज्ञानापेक्षां साधा गणिती हिशेब पुष्कळदां सरस ठरतो, असें पॉल मील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५४ सालींच ग्रंथ लिहून दाखविलें होतें. १९६६ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें जॉनी बॅक्स्ट्रम याच्या खटल्यांत निकाल दिला. त्यामुळें न्यूयॉर्क राज्यांत 'धोक्याचे' म्हणून तुरुंगखात्याच्या इस्पितळांत वर्षानुवर्षें डांबून ठेवलेले जवळजवळ एक हजार रुग्ण साध्या मनोरुग्णालयांत पाठवावे लागले. आतां अनर्थ ओढवणार, अशी भीति पुष्कळांना वाटत होती. पण पुढील चार वर्षांत त्यांपैकीं पुनः त्या कडेकोट इस्पितळांत पाठविण्याची पाळी आली ती शेंकडा तिघांवरहि नाहीं. १९८१ सालीं जॉन मोनाहन यांनीं तोंवरचे अभ्यास तपासून असा निष्कर्ष काढला कीं, 'हा हिंसा करील' म्हणून डॉक्टरांनीं सांगितलेल्या तिघांपैकीं फार तर एकाविषयींचें भाकीत खरें ठरतें. १९९३ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासांत स्त्रीरुग्णांविषयींचीं भाकितें तर छाप-कांट्याच्याच योग्यतेचीं निघालीं. तेव्हां यंत्राचे कैवारी म्हणतात : डॉक्टर चुकतो, थकतो, त्याला रागलोभ असतात, यंत्राला यांतलें कांहींच नाहीं, मग त्यालाच कां विचारूं नये?

यंत्राला रागलोभ नाहींत हें आम्हांस मान्य आहे. पण तें ज्या शाळेंत शिकलें त्या शाळेला आहेत. सगळ्या वादाचें मूळ येथें आहे.

यंत्रानें रुग्ण कधीं पाहिलेला नसतो. त्यानें पाहिलेला असतो तो केसपेपर. परिचारिकेनें 'रुग्ण उद्धटपणें ओरडला' असें लिहिलें, तर यंत्राच्या लेखीं तो उद्धट. तिनेंच 'रुग्ण घाबरून ओरडला' असें लिहिलें असतें, तर तोच मनुष्य घाबरट. मनुष्य एक, रात्र एक, ओरडणें एक; लेखणी मात्र दोन तऱ्हांची. लिहिणाऱ्याची घाई, त्याचा थकवा, त्याचे पूर्वग्रह आणि आपल्याहून निराळ्या दिसणाऱ्या माणसाविषयींचें त्याचें भय, हीं सारीं कागदांत उतरतात व कागदांतून यंत्रांत जातात. आडांत जें आहे तेंच पोहऱ्यांत यावयाचें. फरक एवढाच कीं, परिचारिकेच्या तोंडचें मत हें मत म्हणून ओळखतां येतें व त्याला उलट प्रश्न विचारतां येतो. तेंच मत आंकडा होऊन आलें म्हणजे त्याला शास्त्राची प्रतिष्ठा लाभते, आणि प्रश्न विचारणारा अडाणी ठरतो.

हें आमच्या पदरचें अनुमान नव्हे. नेदर्लंड्समधील मेंगर व त्यांचे सहकारी यांचा या विषयावरील अभ्यास २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. दोन मनोरुग्णसंस्थांतील डॉक्टरांच्या व परिचारिकांच्या नोंदी यंत्राला शिकवून, दाखल झाल्यापासून पहिल्या चार आठवड्यांत कोण हिंसा करील, हें त्याला विचारण्यांत आलें. हिंसा केलेला एक व न केलेला एक अशी रुग्णांची जोडी पुढें ठेवली, तर त्यांतला अधिक धोक्याचा कोण हें यंत्र आपापल्या संस्थेंत शंभरांपैकीं सुमारें ८० व ७६ वेळां बरोबर सांगूं शकलें. हा पराक्रम लहान नव्हे. परंतु एका संस्थेंत शिकलेलें यंत्र दुसऱ्या संस्थेंत नेतांच हेच आंकडे ७२ व ६४ वर उतरले. नुसतें नाणें उडविलें तरी ५० वेळां उत्तर बरोबर येतें. तेव्हां ६४ चें मोल काय, हें वाचकांनींच ठरवावें. देश एक, भाषा एक, शास्त्रहि एक. मग उंबरठा ओलांडतांच यंत्राची नजर अधू कां व्हावी? आमच्या मतें याचें मोठें कारण हेंच कीं, तें माणसाचें मन शिकलें नव्हतें. त्या त्या संस्थेची लिहिण्याची तऱ्हा व वॉर्डाची शिस्त शिकलें होतें. संशोधकांनीं दोन्ही आंकडे प्रांजळपणें छापले, याबद्दल त्यांना धन्यवाद. आमचें भांडण आहे तें पहिला आंकडा मोठ्यानें वाचून दुसरा गिळूं पाहणाऱ्या उत्साही मंडळींशीं.

वैद्यकांतीलच आणखी एक उदाहरण बोलकें आहे. अमेरिकेंत कोणत्या रुग्णाला जास्त देखभाल हवी हें ठरविण्यासाठीं वापरांत असलेलें एक गणित ओबरमायर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तपासलें, आणि त्याचा वृत्तांत २०१९ सालींच 'सायन्स' या नियतकालिकांत दिला. तें गणित आजाराऐवजीं खर्च मोजीत होतें. कृष्णवर्णीयांवर मुळांतच खर्च कमी होत असल्यामुळें, ते अधिक आजारी असूनहि गणिताला कमी आजारी दिसत. यंत्रानें वर्णद्वेष केला नाहीं. वर्णद्वेषाचा जमाखर्च त्यानें इमानानें वाचून दाखविला, इतकेंच. आतां हीच गोष्ट मनोरुग्णालयास लावून पाहा. इंग्लंडांत कृष्णवर्णीय लोक मानसिक आरोग्याच्या कायद्याखालीं गोऱ्यांच्या चौपटीहून अधिक प्रमाणांत बंदिस्त केले जातात, असें सरकारनें नेमलेल्या समितीनें २०१८ सालीं नमूद केलें. ज्याला पोलिसांनीं धरून आणलें, त्याच्या केसपेपरावर 'पोलिसांनीं आणला' हे शब्द कायमचे बसतात. असल्या केसपेपरांवर शिकलेलें यंत्र पुढें कोणाकडे बोट दाखवील, हें सुज्ञांस सांगणें नलगे.

आतां थोडें गणित करूं. कारण गणिताच्या नांवानें जें चालतें त्याला गणितानेंच उत्तर द्यावें हें बरें. समजा, वॉर्डांत शंभर रुग्ण आले व वर सांगितलेल्या प्रमाणानें त्यांपैकीं १७ जणांच्या हातून हिंसा घडावयाची आहे. समजा, यंत्र असें आहे कीं, खरोखर हिंसा करणाऱ्या दहांतले सात तें पकडतें, आणि न करणाऱ्या दहांतले सात बरोबर सोडून देतें. मग १७ पैकीं सुमारें १२ सांपडतील. आणि उरलेल्या ८३ निरुपद्रवी माणसांतील सुमारें २५ जणांवरहि 'धोक्याचा' हा शिक्का बसेल. शिक्का बसलेले एकंदर ३७. त्यांत निरपराध २५. म्हणजे तिघांत एक खरा! मोनाहन यांनीं १९८१ सालीं डॉक्टरांच्या पदरांत जें माप घातलें होतें, तेंच माप हीं कोटि-कोटि हिशेब करणारीं यंत्रें घेऊन आपण पुनः गांठलें. मग त्या पंचवीस जणांचें काय? त्यांच्याकडे संशयानें पाहिलें जाईल, त्यांच्या दाराशीं दोन धिप्पाड सेवक उभे राहतील, त्यांना गुंगीचें औषध अंमळ अधिक दिलें जाईल. चोर सोडून संन्याशाला फांशीं, असें आपण म्हणतों. येथें एका चोराबरोबर दोन संन्यासी जावयाचे.

याहून चमत्कारिक गोष्ट अशी कीं, हें यंत्र एकदां वापरांत आलें म्हणजे तें चुकलें हें सिद्ध करणें फार अवघड होऊन बसतें. शिक्का बसलेल्या रुग्णाला इंजेक्शन दिलें व त्यानें कांहींच केलें नाहीं. आतां भाकीत खोटें होतें, कीं औषधामुळें टळलें? यंत्राचा कैवारी म्हणेल, टळलें. संशयी वागणुकीनें चिडून जाऊन रुग्णानें हात उगारला. तर तो म्हणेल, पाहा, आम्हीं सांगितलेंच होतें! भाकीत फळलें तरी यंत्राचा विजय, फसलें तरी यंत्राचाच विजय. ग्रहशांति करविणाऱ्या उपाध्यायाची युक्ति याहून निराळी ती काय असते? आणि त्या दिवसाच्या नोंदी पुढच्या वर्षीं यंत्राच्या पाठांत जाणार; म्हणजे विद्यार्थी आपल्याच उत्तरपत्रिकेवरून पुढचा धडा शिकणार!

परंतु आमचा मुख्य आक्षेप याहून खोल आहे. वॉर्डांतील मारामारी ही एकट्या रुग्णाच्या डोक्यांत पिकणारी वस्तु आहे, हें गृहीतच आम्हांस अमान्य आहे. टाळी एका हातानें वाजत नाहीं. हिंसेच्या आधीं काय घडतें याविषयींचे ७१ अभ्यास २०१२ सालीं एकत्र तपासण्यांत आले. तेव्हां सर्वांत अधिक वेळां आढळलेलें पूर्वकारण होतें सेवकवर्ग व रुग्ण यांच्यामधील व्यवहार. शेंकडा सुमारें ३९ प्रसंगांच्या मागें तोच होता. आणि त्यांतहि विशेषेंकरून रुग्णाच्या मोकळेपणावर घातलेला निर्बंध. बाहेर जाऊं न देणें, मागितलेली वस्तु नाकारणें, 'थांब' म्हणून तासन्‌तास थांबविणें. यंत्राच्या हिशेबांत रुग्णाचें वय असतें, निदान असतें, पूर्वेतिहास असतो; त्याला 'नाहीं' कोणीं, कोणत्या आवाजांत व कितव्यांदा म्हटलें, याचा रकाना नसतो.

१९९८ सालीं इंग्लंडांतील नॉरिच येथें डेव्हिड बेनेट नांवाचा कृष्णवर्णीय रुग्ण मरण पावला. त्या संध्याकाळीं दुसऱ्या एका रुग्णानें त्याला वर्णावरून शिवीगाळ केली व दोघांची झटापट झाली. दुसऱ्या वॉर्डांत हलविण्यांत आलें तें बेनेटला. तेथें त्यानें एका परिचारिकेस मारलें. मग परिचारकांनीं त्याला जमिनीवर दाबून धरलें व त्यांतच त्याचा अंत झाला. पुढें चौकशी झाली म्हणून हा सगळा क्रम जगाला कळला. पण यंत्राला अशा प्रसंगांतून काय शिकवलें जातें? 'रुग्णानें परिचारिकेस मारलें', एवढेंच. शिवी ज्यानें दिली तो, वॉर्ड कोणाचा बदलावा हें ज्यानें ठरविलें तो, हे दोघेहि हिशेबाबाहेर. असला अर्धा हिशेब कितीहि बिनचूक केला तरी उत्तर अन्यायाचेंच येणार.

आणि वॉर्ड बदलला तर हिंसा बदलते, याला पुरावा आहे. लंडन व आसपासच्या १५ रुग्णालयांतील ३१ वॉर्डांत लेन बॉवर्स यांनीं 'सेफवॉर्ड्स' नांवाचा प्रयोग केला. त्याचा निकाल २०१५ सालीं छापून आला. त्या प्रयोगांत यंत्र नव्हतें. 'नाहीं' म्हणावयाचें तर तें मऊपणें कसें म्हणावें. वाईट बातमी रुग्णाला कळणार असेल तर आधींच त्याच्याजवळ कसें जावें. पाळी बदलतांना प्रत्येक रुग्णाविषयीं एक तरी चांगली गोष्ट कशी सांगावी. घाबरलेल्याच्या शेजारीं कसें बसावें. असल्या दहा साध्या गोष्टी त्यांत होत्या. त्यामुळें भांडणतंट्याचे प्रसंग शेंकडा १५ नीं, आणि डांबणें, धरणें, जबरीनें औषध देणें असले उपाय शेंकडा २६ नीं कमी झाले. आपल्याकडील कोणतीहि शहाणी आजीबाई यांतल्या निम्म्या गोष्टी न शिकतां सांगेल. पण त्या वॉर्डांत घडवून आणावयाच्या तर माणसें हवींत, आणि माणसांना पगार द्यावा लागतो!

येथें कोणी विचारील : तर मग धोक्याचा अंदाज घेऊंच नये काय? असें आम्ही म्हणत नाहीं. नॉर्वेंत तयार झालेली ब्रोसेट यादी प्रसिद्ध आहे. गोंधळलेपणा, चिडखोरपणा, दांडगाई, शब्दांची धमकी, अंगावर येण्याची धमकी आणि वस्तूंची मोडतोड, या सहाच गोष्टी परिचारिका पाहते व पुढील २४ तासांपुरता अंदाज बांधते. स्वित्झर्लंडमधील वॉर्डांत अशा नियमित पाहणीचा प्रयोग झाला. २००८ सालीं छापलेल्या निकालाप्रमाणें गंभीर हिंसेचे प्रसंग शेंकडा ४१ नीं व जबरीचे उपाय शेंकडा २७ नीं उतरले. हेंहि भाकीतच, मग याला आमची संमति कां? कारण त्यासाठीं परिचारिकेला रुग्णाकडे पाहावें लागतें. त्यांतल्या सहाहि गोष्टी उघड्या आहेत, कोणालाहि तपासतां येतात, रुग्णालाहि सांगतां येतात. आणि तो शिक्का एका दिवसांत पुसला जातो. यंत्राच्या आंकड्याला यांपैकीं एकहि गुण आपोआप चिकटत नाहीं. पहिल्या भाकितानें माणूस माणसाजवळ जातो. दुसऱ्यानें तो पडद्याकडे पाहूं लागतो.

जबरी सोडली तर वेडे अनर्थ करतील, हें भाकीत वैद्यकाला नवें नाहीं. १८३९ सालीं जॉन कॉनली यांनीं लंडनजवळील हॅनवेलच्या वेड्यांच्या इस्पितळाचा ताबा घेतला, आणि सुमारें आठशें रुग्णांच्या त्या इस्पितळांतून पट्टे, बेड्या व बांधण्याच्या खुर्च्या काढून टाकल्या. तज्ज्ञ मंडळींनीं त्यांना वेड्यांत काढलें. इस्पितळ मात्र जागच्या जागीं राहिलें. त्या तज्ज्ञांपाशीं कॉम्प्युटर असता तर त्यालाहि त्यांनीं बेडी घातलेल्या रुग्णांच्याच नोंदी वाचावयास दिल्या असत्या, आणि त्यानेंहि 'बेडी काढूं नका' असाच सल्ला दिला असता. कारण बेडीवांचून राहिलेला रुग्ण त्याच्या पाठांत कोठेंच आला नसता. जें कधीं करूनच पाहिलें नाहीं तें नोंदींत नसतें; आणि सुधारणा म्हणून जी वस्तु आहे ती तर आधीं न केलेलीच गोष्ट असते.

आपल्या देशाला बेडीची गोष्ट दुरून ऐकावी लागत नाहीं. २००१ सालच्या ६ ऑगस्टला तामिळनाडूंतील एरवाडी येथें सांखळदंडांनीं बांधलेले २८ मनोरुग्ण आगींत जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें सांखळीला व एकांतकोठडीला पूर्ण मनाई केली. रुग्णाला बांधावयाचेंच तर नजीकचा व तात्काळ अपाय टाळण्यास दुसरा उपाय नसेल तेव्हांच, प्रमुख मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनें, आणि लागेल तितकाच वेळ, असें तो कायदा सांगतो. सेवकवर्ग अपुरा आहे हें बांधण्याचें कारण होऊं शकत नाहीं, असेंहि त्यांत स्पष्ट आहे. 'येत्या चार आठवड्यांत कदाचित्' हें यंत्राचें वचन 'नजीकचा व तात्काळ' या शब्दांत बसत नाहीं. तेव्हां ठाणें, येरवडा, नागपूर वा रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांच्या दाराशीं असलें यंत्र उद्यां कोणी घेऊन आलाच, तर त्याला प्रथम हा कायदा वाचून दाखवावा. दुसरीहि एक गोष्ट विचारावी : आमचा रुग्ण मराठींत, वऱ्हाडींत, कोंकणींत बोलतो आणि त्याची नोंद पुष्कळदां इंग्रजींत होते, त्याच्या 'जीव घाबरा होतो' या शब्दांचें इंग्रजींत जातां जातां काय झालें, हें तुमच्या यंत्राला कोण सांगणार?

आमच्या मागण्या थोड्या आहेत. यंत्राच्या आंकड्यावरून कोणालाहि बांधूं नये, कोंडूं नये, वा अधिक औषध देऊं नये. त्या आंकड्यानें फार तर एक माणूस रुग्णाजवळ जाऊन बसावा. आपल्यावर शिक्का बसला आहे हें रुग्णाला व त्याच्या घरच्यांना कळावें, आणि त्याला उत्तर देण्याचा हक्क त्यांना असावा. तो शिक्का रुग्णाबरोबर घरीं, नोकरींत वा पुढच्या इस्पितळांत जाऊं नये. परक्या वॉर्डांत शिकलेलें यंत्र आपल्या वॉर्डांत पारखून घेतल्यावांचून वापरूं नये. आणि यंत्राला शिकवावयाचेंच असेल तर रुग्णाबरोबर वॉर्डहि शिकवावा : त्या पाळीला परिचारिका किती होत्या, रुग्णाला किती वेळ तिष्ठत ठेवलें, त्याचें कोणतें मागणें नाकारलें. मग यंत्र कदाचित् असेंहि सांगेल कीं, आज रात्रीं धोका आहे तो सातव्या खाटेवरच्या माणसापासून नव्हे, तर चाळीस खाटांमागें एकच परिचारिका नेमणाऱ्या हुकुमापासून. असें भाकीत करणारें यंत्र विकत घेण्यास किती अधिकारी पुढें येतात, तें पाहण्याची आम्हांस उत्सुकता आहे.